वीस मिनिटांचा अंधार

फळ्याच्या कोपऱ्यातून

बालदोस्तांनो,

परवा मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात शिरले, तर सगळी पोरं एकाच बाकाभोवती गोळा झालेली. डोकी आत आणि पाठी बाहेर! "काय चाललंय रे?" म्हटल्याबरोबर पांगापांग झाली आणि बाकावर राहिला एक फोटो.

आमच्या वर्गातल्या एका मुलाची मावशी अमेरिकेत, न्यू जर्सीला राहते. तिनं ११ सप्टेंबरच्या रात्री काढलेला फोटो फोनवर पाठवला होता आणि याच्या वडिलांनी तो छापून आणून दिला होता. फोटोत अलीकडे नदीचं काळं पाणी, पलीकडच्या काठावर न्यूयॉर्क शहरातल्या उंचच उंच इमारती, आणि त्यांच्यामधून सरळ आभाळात गेलेले दोन निळसर प्रकाशाचे खांब. कुठं संपतात तेच कळत नव्हतं.

"बाई, हे डीजेवाल्याकडचे शार्पी आहेत ना?" एकानं विचारलं.

"नाही हो बाई, विमानांना रस्ता दाखवायला लावले असतील."

ज्याचा फोटो होता त्यानं मावशीनं सांगितलेलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. "ते गेलेल्या माणसांचं स्मारक आहे."

झालं! वर्गात एकदम गलका. स्मारक म्हणजे पुतळा, स्मारक म्हणजे चबुतरा, निदान एक दगड आणि त्यावर नावं. उजेडाचं स्मारक कसं असेल? सकाळ झाली की ते जाणारच की! त्या दिवशी भूगोलाचा तास आम्ही या फोटोलाच देऊन टाकला. तास संपेपर्यंत वर्गात मोठं भांडणही झालं, म्हणजे चांगल्या अर्थाचं भांडण. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी गोष्ट नीट ऐका. न्यूयॉर्कमध्ये ११० मजल्यांच्या दोन जुळ्या इमारती होत्या. प्रत्येकीची उंची ४०० मीटरपेक्षा जास्त. ११ सप्टेंबर २००१ या दिवशी सकाळी दहशतवाद्यांनी प्रवाशांनी भरलेली चार विमानं पळवली. त्यातली दोन त्यांनी या जुळ्या इमारतींवर आदळवली. दोन तासांच्या आत दोन्ही इमारती कोसळल्या. चारही विमानांच्या हल्ल्यांत मिळून २,९७७ निरपराध माणसं गेली. त्यांच्यात कचेरीत कामाला आलेले लोक होते, विमानातले प्रवासी होते, आणि लोकांना वाचवायला जिना चढून वर गेलेले न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जवानही होते.

इमारती गेल्या आणि त्या शहराच्या आभाळात एक भोक पडल्यासारखं झालं. रोज नजर जायची तिथं काहीच नाही. तुमच्या घरातलं एखादं माणूस गेल्यावर त्याची रोजची खुर्ची रिकामी दिसते ना, तसं. तेव्हा काही चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुरचनाकारांच्या मनात वेगवेगळ्या ठिकाणी जवळजवळ एकच कल्पना आली. दगडविटांचं काही उभारायला वर्षं लागतील, पण प्रकाशाचे दोन मनोरे तर आपण लगेच उभे करू शकतो! मग ते सगळे एकत्र आले. घटनेला सहा महिने झाले त्या दिवशी, म्हणजे ११ मार्च २००२ ला संध्याकाळी, हे दिवे पहिल्यांदा लागले. ते कुणी लावले माहीत आहे? १२ वर्षांच्या एका मुलीनं. तिचे वडील पोलीस अधिकारी होते आणि त्या हल्ल्यात गेले होते.

तेव्हा महिनाभर रोज रात्री हा प्रकाश दिसायचा. नंतर २००३ पासून दरवर्षी ११ सप्टेंबरला, अंधार पडल्यापासून दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत, तो लावला जातो.

आता थोडं विज्ञान, बरं का! हे साधे बल्ब नाहीत. हे आहेत सर्चलाइट. पूर्वी लढाईच्या काळात रात्री शत्रूची विमानं शोधायला असे दिवे आभाळात फिरवत. बॅटरीतल्या बल्बच्या मागं चकचकीत वाटीसारखा आरसा असतो ना, तोच प्रकार, फक्त खूप मोठा. हा आरसा इकडंतिकडं पसरणारा उजेड गोळा करून एकाच दिशेला सरळ पाठवतो. असे ८८ दिवे एका वाहनतळाच्या गच्चीवर ठेवतात. ४४ दिव्यांचा एक चौकोन आणि ४४ चा दुसरा. प्रत्येक चौकोनाची बाजू ४८ फूट. एकेक दिवा ७,००० वॅटचा! प्रकाश सुमारे ६.४ किलोमीटर उंचीपर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ चौपट. हवेतली धूळ आणि बाष्पाचे कण त्या उजेडात चमकतात, म्हणून आपल्याला खांब दिसतो. कवडशात धूळ नाचताना दिसते ना, तसंच.

वर्गात आम्ही लगेच गणित घातलं. ८८ गुणिले ७,००० म्हणजे ६,१६,००० वॅट, म्हणजेच ६१६ किलोवॅट. दिवे १० तास चालू राहिले असं धरा. मग झाले ६,१६० युनिट. एखाद्या घरात महिन्याला १०० युनिट वीज लागत असेल, तर त्या घराला पाच वर्षांहून जास्त पुरेल इतकी वीज एका रात्रीत! "बापरे!" असा एकच आवाज झाला.

आता भांडणाकडे येऊ. पहिलं भांडण होतं नावावरून. सुरुवातीला या स्मारकाला 'प्रकाशाचे मनोरे' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. पण ज्यांची माणसं गेली त्यांतले काही जण म्हणाले, "अहो, आम्हाला इमारतींचं दुःख नाही. आमची माणसं गेली. नाव मनोऱ्यांचं का?" बोलणं खरं होतं. मग नाव बदललं. आता त्याला 'ट्रिब्यूट इन लाइट' म्हणतात, म्हणजे प्रकाशातून वाहिलेली आदरांजली. स्मारक तेच, दिवे तेच. पण नावातून मनोरे गेले आणि नुसत्या नावानं दुखावलेल्या माणसांना बरं वाटलं. म्हणून कुणी आक्षेप घेतला की लगेच रागावू नये. तो काय म्हणतोय ते आधी नीट ऐकावं.

दुसरं भांडण मोठं होतं. ते होतं पक्ष्यांवरून.

सप्टेंबर महिना म्हणजे तिकडे पाखरांच्या प्रवासाचा ऐन हंगाम. उत्तरेकडे थंडी पडायच्या आत लाखो पक्षी दक्षिणेकडे निघतात आणि न्यूयॉर्क शहर त्यांच्या वाटेवरच आहे. त्यांतले पुष्कळसे आपल्या वटवट्यासारखे दिसणारे चिमुकले जीव. कुणाकुणाचं वजन १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे झेरॉक्सच्या दोन कोऱ्या कागदांइतकं! ते रात्री उडतात. ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा ओळखतात. अशा प्रवाशाच्या वाटेत अचानक प्रकाशाचे दोन खांब आले की तो गोंधळतो. खांबात शिरतो आणि मग बाहेर पडायची वाटच सापडत नाही. नुसता गोल गोल फिरत राहतो, एकमेकांना हाका मारत राहतो. पुढच्या मोठ्या प्रवासासाठी अंगात साठवलेली ताकद तिथंच संपते. शिवाय खालच्या इमारतींच्या काचांवर आपटायची भीती असतेच.

आपल्या देशातही असं घडतं. आसाममध्ये जतिंगा नावाचं गाव आहे. पावसाळा संपताना, धुक्याच्या आणि बिनचांदण्याच्या रात्री, तिथल्या दिव्यांकडे पक्षी असेच ओढले जातात. पूर्वी लोकांना तो भुताखेतांचा प्रकार वाटायचा. नंतर अभ्यासकांनी त्यामागची कारणं शोधायला सुरुवात केली.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वर्गाचे दोन गट पाडले. खिडकीकडच्या रांगांनी स्मारकाच्या बाजूनं बोलायचं, दाराकडच्यांनी पक्ष्यांच्या बाजूनं. आमची पोरं असली वकिली करतात म्हणता!

"वर्षातून एकच रात्र लावतात बाई! ३६४ रात्री मोकळ्या आहेत की पक्ष्यांना."

"पण पक्षी त्याच रात्री जातात त्याचं काय? त्यांना काय कॅलेंडर कळतंय?"

"मग दुसऱ्या तारखेला लावा!"

"वेडा आहेस का? तुझा वाढदिवस दुसऱ्या तारखेला करायचा का?"

"इमारतींच्या काचांवर आपटून जास्त पक्षी मरत असतील. त्याचं कुणी बोलत नाही."

हा मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेत इमारतींच्या काचांवर आपटून वर्षाला ३६ ते ९९ कोटी पक्षी मरतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण दाराकडच्या रांगेतून लगेच उत्तर आलं. "दुसरा जास्त चुकतो म्हणून आपण थोडं चुकायचं का?" मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

आवाज चढत चालले. "माणसं मोठी की पाखरं?" असं एकानं ओरडून विचारलं, आणि तेवढ्यात माझं लक्ष दाराकडच्या रांगेतल्या एका मुलीकडे गेलं. ती मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसली होती. माझ्या पोटात धस्स झालं. गेल्या वर्षी तिचे वडील गेले. आणि मी? मी गट पाडले, फळ्यावर रेघ मारली आणि हे साफ विसरून गेले. स्मारक, गेलेली माणसं, आठवण यावर वर्ग तावातावानं बोलत होता आणि जिला ते खरोखर ठाऊक होतं ती गप्प होती. विषय बदलावा म्हणून मी खडू उचलला, तोच तिनं हात वर केला.

"बाई, मी सांगू?"

"सांग ना बाळा."

"आम्ही रोज संध्याकाळी बाबांच्या फोटोपुढं दिवा लावतो. पावसाळ्यात त्याच्यावर पाखरं येतात. आई दिवा विझवत नाही. हातानं हळूच बाजूला करते. आणि खूपच यायला लागली तर दिवा थोडा वेळ आत नेऊन ठेवते. पाखरं गेली की परत बाबांपुढं आणते."

वर्ग शांत झाला. एवढा शांत की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू यायला लागले.

मुलांनो, मला वीस मिनिटं जे समजावून सांगायचं होतं ते तिनं चार वाक्यांत सांगून टाकलं. कारण न्यूयॉर्कमध्येही नेमकं हेच करतात! पक्ष्यांची काळजी घेणाऱ्या स्थानिक संस्थेचे स्वयंसेवक त्या रात्री वाहनतळाच्या गच्चीवर जातात. आभाळाकडे बघून रात्रभर पक्षी मोजतात. प्रकाशात अडकलेले पक्षी १,००० च्या वर गेले, किंवा ते फार खाली उडायला लागले, की दिवे बंद करायला सांगतात. सगळे ८८ दिवे विझतात. वीस मिनिटं अंधार. पाखरं वाटेला लागतात. मग दिवे पुन्हा लागतात. २०१० साली सुमारे १०,००० पक्षी अडकले होते, तेव्हा एकाच रात्रीत पाच वेळा असे दिवे बंद करावे लागले होते.

"पण वीस मिनिटांत खरंच जातात का पक्षी?" असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. तो शास्त्रज्ञांच्याही मनात आला. पाऊस कुठं पडतोय ते दाखवणारं रडार असतं ना, त्यावर उडणारे पक्षीही टिपले जातात. शास्त्रज्ञांनी सात वर्षांतल्या अशा सात रात्रींच्या रडारच्या नोंदी तपासल्या, पक्ष्यांचे आवाज टिपले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापला. त्या सात रात्रींत मिळून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर या प्रकाशाचा परिणाम झाला होता. दिव्यांजवळची गर्दी आजूबाजूच्या आभाळापेक्षा २० पटीपर्यंत वाढत होती. पण दिवे विझले, की काही मिनिटांतच पक्षी पांगून पुढे जात होते. म्हणजे वीस मिनिटांचा अंधार खरोखर कामाचा होता. नुसतं मनाचं समाधान नव्हतं ते.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. "दिवे हवेत" आणि "दिवे नकोत" एवढंच ओरडत बसले असते, तर तो वाद आजही तिथंच असता. पण कुणीतरी गच्चीवर चढलं आणि मोजायला लागलं. मोजल्यावर कळलं की नेमकी अडचण किती आहे, केव्हा आहे, आणि ती दूर व्हायला किती वेळ लागतो. मग दोघांनाही जमेल अशी वाट सापडली. दिवे लावणाऱ्यांनी 'थोडा वेळ विझवू' म्हटलं, पक्षी जपणाऱ्यांनी 'कायमचे विझवा' म्हटलं नाही. दोघं एकाच गच्चीवर रात्र जागवतात.

म्हणजे वाद मिटला का? पूर्ण नाही. 'एक रात्र तरी पाखरांना त्रास का?' असं आजही काही जण विचारतात आणि त्यांचं विचारणं चूक नाही. ते विचारत राहिले म्हणून तर गच्चीवर मोजणी चालू राहते!

आणखी एक वाद २०२० मध्ये झाला. करोनाची साथ होती. दिवे उभे करायला चाळीसेक कामगार लागतात आणि त्यांना बरेच दिवस जवळजवळ काम करावं लागतं. त्यांना धोका नको म्हणून ऑगस्टमध्ये जाहीर झालं, की यंदा दिवे लागणार नाहीत. लोक हळहळले. गेलेल्या जवानांचे सोबती रागावले. "आमच्या माणसांना विसरायचं का?" असं म्हणाले. दोनच दिवसांत निर्णय फिरला. कामगारांच्या तब्येतीची काळजी घ्यायला सरकारी आरोग्य खात्याची माणसं द्यायचं ठरलं, आणि दिवे लागले. इथंही बघा, कामगारांची काळजी खोटी नव्हती आणि लोकांचं दुःखही खोटं नव्हतं. दोन्ही बाजूंना खरं काहीतरी असतं तेव्हाच वाद अवघड असतो, आणि तेव्हाच तो नीट घालावा लागतो.

त्या दिवशी घंटा झाली तेव्हा "माणसं मोठी की पाखरं?" असं विचारणारा पठ्ठ्या त्या मुलीच्या बाकापाशी गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यानं तिला फोटोचं चित्र काढून आणून दिलं. दोन निळे खांब, खाली गच्ची, आणि गच्चीवर आभाळाकडे बघणारी छोटी छोटी माणसं. आणि हो, खांबांच्या बाहेर उडत चाललेली पुष्कळ पाखरं!

मी मात्र माझ्या टाचणवहीत स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली आहे. गट पाडायच्या आधी वर्गाकडे एकदा नीट बघायचं.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावात, गल्लीत किंवा शाळेत एखादा वाद चालू असेल. देवळाचा भोंगा, मैदानातलं झाड, विसर्जनाची विहीर, काहीही. एका पानाच्या मधोमध रेघ मारा. दोन्हीकडे दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहा. जी बाजू तुम्हाला पटत नाही तिचं म्हणणं आधी लिहायचं, ही अट! मग खाली लिहा, या वादात मोजण्यासारखं काय आहे? किती वेळ, किती आवाज, किती माणसं, किती पाखरं? वही-पेन्सिल घेऊन खरोखर मोजा आणि मला पत्रानं कळवा.

आणि पालकहो, दोन शब्द तुमच्याशी. मुलं भांडायला लागली की आपण चटकन "गप्प बसा" म्हणतो. एखाद्या दिवशी तसं म्हणू नका. दोघांचं ऐका आणि "मग आता काय करता येईल?" एवढंच विचारा. आणि घरात एखाद्या गेलेल्या माणसाचा फोटो असेल, तर त्यांची एखादी गोष्ट मुलांना सांगा. उजेडाचं स्मारक सकाळी जातं हे खरं. पण गोष्ट ऐकलेलं मूल ती पुढं कुणाला तरी सांगतं.

पुन्हा भेटूच पुढच्या आठवड्यात!

तुमच्या लाडक्या
बाई